गुठळीवरची औषधे : कुठून आली, कशी घ्यायची

घरात साठीपुढचे माणूस असेल, तर फडताळात किंवा टीव्हीमागे गोळ्यांची एक प्लॅस्टिकची पिशवी बहुधा असतेच. ती आज चटईवर ओता. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या बाजूला ठेवा. उरलेल्यांचे तीन ढीग करा. पहिल्या ढिगात अ‍ॅस्पिरिन (अनेक चिठ्ठ्यांवर ती ‘इकोस्प्रिन’ या नावाने येते), क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर. दुसऱ्यात वॉरफेरिन, अ‍ॅसिट्रॉम, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सॅबान, एपिक्सॅबान. तिसऱ्यात अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन. कंपनीने दिलेले नाव सोडा, रसायनाचे नाव वाचा (अ‍ॅसिट्रॉम तेवढे कंपनीचे नाव, रसायन असिनोकुमारॉल). एखादी कॅप्सूल दोन ढिगांत बसते असे वाटले तर तुमचे बरोबर आहे; अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन एकत्र असलेल्या कॅप्सूल सर्रास मिळतात. अशी कॅप्सूल चालू असताना जुन्या चिठ्ठीवरची इकोस्प्रिनही वेगळी चालू राहिली, तर अ‍ॅस्पिरिन दुप्पट पोटात जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पिशवी ओतायला सांगितली ती एवढ्यासाठीच.

नगर जिल्ह्यात (कागदावर आता अहिल्यानगर, एसटीच्या रांगेत अजून नगरच) या सगळ्यांना एकच नाव आहे : रक्त पातळ व्हायची गोळी. यांतली एकही गोळी रक्त पातळ करत नाही. पहिल्या ढिगातली औषधे रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. दुसऱ्या ढिगातली गुठळीचे जाळे विणणाऱ्या प्रथिनांना अडवतात. तिसऱ्या ढिगातली रक्तवाहिनीच्या भिंतीत साठलेल्या चरबीवर काम करतात. ही औषधे वेगवेगळ्या वाटांनी सापडली, आणि डॉक्टर घाईत सांगतात ती पथ्ये बहुतेक त्या वाटेवरूनच आलेली आहेत. वाट कळली की पथ्य पाठ करावे लागत नाही. डोस वाढवणे, कमी करणे, गोळी बंद करणे हे मात्र लेख वाचून करायचे काम नव्हे. ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

दुसऱ्या ढिगापासून सुरुवात करू, कारण त्याची गोष्ट गोठ्यातली आहे आणि दुभत्या जनावरांच्या या जिल्ह्यात ती पटकन समजेल. १९२०च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गायीगुरे विचित्र रीतीने मरू लागली. शिंग कापले किंवा खच्चीकरण केले की रक्त थांबायचेच नाही. काही जनावरे आतल्या आत रक्तस्राव होऊन पडायची. फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्याने कारण हुडकले : ‘स्वीट क्लोव्हर’ नावाच्या चाऱ्याचे वाळवण ओल लागून बुरसले की त्यात काहीतरी विषारी तयार होते. ते काय, हे कळायला आणखी काही वर्षे गेली. १९३३च्या फेब्रुवारीत, हिमवादळात, विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड, बुरशीचा चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले न गोठणारे रक्त गाडीत घालून मॅडिसनला विद्यापीठात पोचला. तिथे कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाने ते रक्त ठेवून घेतले. पुढे सहा वर्षे त्याची प्रयोगशाळा त्या चाऱ्याच्या मागे लागली आणि १९३९मध्ये डायकुमारॉल हे रसायन शुद्ध स्वरूपात हाती आले. त्याचाच एक अधिक तीव्र भाऊबंद म्हणजे वॉरफेरिन. १९४८मध्ये ते बाजारात आले ते उंदीर मारायचे औषध म्हणून. माणसांसाठी परवानगी १९५४ची, आणि १९५५मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते दिले गेले. त्यानंतर उंदराच्या औषधाला कोणी नाक मुरडेनासे झाले. (मुरघास करणाऱ्यांनी घाबरू नये, आपला मक्याचा मुरघास म्हणजे तो चारा नव्हे. तरी बुरशी आलेला थर जनावरापुढे टाकू नये, हे सांगायला वॉरफेरिनची गरज नाही.)

आता यातून निघणारे पथ्य. वॉरफेरिन आणि आपल्याकडे जास्त चालणारे अ‍ॅसिट्रॉम ही औषधे शरीरातल्या ‘के’ जीवनसत्त्वाचे काम अडवतात. हे जीवनसत्त्व हिरव्या पालेभाजीत भरपूर असते. म्हणून चिठ्ठीवर ‘पालेभाजी बंद’ असे लिहिलेले दिसते. हा सल्ला मला अर्धाच बरोबर वाटतो. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर खायला हरकत नाही. दर आठवड्याला साधारण तेवढीच खा. गडबड होते ती चढउताराने. हिवाळ्यात मेथी कवडीमोल झाली की रोज दोन्ही वेळा मेथी, आणि नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा आणि भगर. पहिल्यात गोळीचा जोर कमी पडतो, दुसऱ्यात जास्त होतो. उपवास करायचाच असेल तर डॉक्टरांना आधी सांगा आणि नंतर आयएनआर, म्हणजे रक्त किती वेळात गोठते याची तपासणी, करून घ्या.

आयएनआरची चिठ्ठी स्वतः वाचायला शिका, अवघड नाही. तिच्यावर पीटी, कंट्रोल असे आकडे असतात. ते सोडा आणि फक्त आयएनआरपुढचा आकडा पाहा. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा तो १च्या आसपास असतो. बहुतेक रुग्णांसाठी तो २ ते ३ हवा. हृदयातल्या माइट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर साधारण २.५ ते ३.५. तुमचा ठरलेला आकडा कोणता, हे डॉक्टरांकडून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. आकडा खाली गेला तर गुठळीचा धोका, वर गेला तर रक्तस्रावाचा. आणि गोळी संध्याकाळी घ्या. सकाळी रक्त दिले की दुपारी रिपोर्ट येतो, डोस बदलायचा असेल तर त्याच दिवशी बदलता येतो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

गावातल्या दवाखान्यात ताप-जुलाबासाठी दिलेली दुसरी औषधे आयएनआर हलवतात. मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमॉक्साझोल, गजकर्णासाठी मिळणारे फ्लुकोनाझोल यांनी तो वर जातो. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनने खाली येतो, आणि ते सुरू झाल्यावर व संपल्यावर दोन्ही वेळा डोस नव्याने बसवावा लागतो. म्हणून कुठल्याही दवाखान्यात पहिले वाक्य हेच असू द्या : मला अ‍ॅसिट्रॉम चालू आहे. दुसरे वाक्य : कमरेत इंजेक्शन नको. दुसऱ्या ढिगातली गोळी घेणाऱ्याच्या स्नायूत सुई टोचली की आत रक्त साठून मोठी गाठ येऊ शकते. ‘सुई घेतल्याशिवाय बरे वाटत नाही’ ही सवय इथे महागात पडते.

ऊस-गव्हाच्या शेतात उंदरांसाठी कृषी सेवा केंद्रातून जे ब्रोमाडायोलोन आणतात, ते याच कुळातले, पण कितीतरी जास्त काळ टिकणारे. लहान मुलाने ते तोंडात घातले आणि दिवसभर खेळत राहिले तरी निर्धास्त राहू नका. रक्तस्राव दोन-तीन दिवसांनी सुरू होतो. वेष्टन हातात घेऊन लगेच रुग्णालयात जा. उतारा तोच, के जीवनसत्त्व, आणि तो कित्येक आठवडे चालू ठेवावा लागतो.

डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सॅबान, एपिक्सॅबान ही नवी फळी २०१०नंतर जगभर वापरात आली. यांना आयएनआर लागत नाही, मेथीशी यांचे वैर नाही, आणि पेटंट संपल्यावर (रिव्हारोक्सॅबानचे २०२०मध्ये, एपिक्सॅबानचे २०२२मध्ये) भारतात स्वस्त जेनेरिक गोळ्या आल्या. पायातली गुठळी किंवा वयोमानाने होणारी हृदयाची अनियमित धडधड यांसाठी डॉक्टर हल्ली बहुधा यांतलीच देतात, ते योग्यच. पण पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा ‘मामा, ती जुनी गोळी सोडा, माझ्या साहेबांना नवी चालू आहे’ म्हणतो, तेव्हा एक चौकशी करायची : झडपेचा आजार आहे का? लहानपणी घसा आणि सांधे सुजून झालेल्या संधिवाती तापाने झडप आकसलेली माणसे खेड्यांत अजून भेटतात, बायका जास्त. अशा साडेचार हजार रुग्णांवर भारतासह २४ देशांत झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीचे निष्कर्ष २०२२मध्ये आले : रिव्हारोक्सॅबानपेक्षा जुनी वॉरफेरिन-कुळातली औषधेच सरस ठरली, मृत्यूही त्यांच्यावर कमी झाले. धातूची झडप बसवलेल्यांत डॅबिगॅट्रानची चाचणी तर गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने मध्येच थांबवावी लागली होती. आकसलेली किंवा धातूची झडप असेल, तर आयएनआरची कटकट सोसायची. नवे ते चांगले, हा हिशेब इथे चालत नाही.

झडपेच्या आजाराची सून किंवा मुलगी घरात असेल, तर हे तिच्यापर्यंत पोचवा. वॉरफेरिन-अ‍ॅसिट्रॉम वारेतून बाळापर्यंत जाते आणि पहिल्या तीन महिन्यांत व्यंग निर्माण करू शकते. पाळी चुकली की दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे. स्वतः गोळी बंद करणे त्याहून धोक्याचे. त्या काळात हेपरिनची इंजेक्शने देता येतात, कारण हेपरिन वार ओलांडत नाही. हेपरिनचा शोध १९१६चा, अमेरिकेत जे मॅक्लीन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला लागलेला. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्यापासून काढतात. ज्यांना हे धर्माने किंवा मनाने चालत नाही त्यांनी संकोच न करता विचारावे. काही आजारांत फोंडापॅरिनक्स हा पूर्णपणे कृत्रिम पर्याय असतो.

पहिला ढीग. अ‍ॅस्पिरिन १८९७मध्ये बायर कंपनीत तयार झाली, तापावर आणि अंगदुखीवर. ती गुठळीवर चालते, हे कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स क्रेव्हन या साध्या फॅमिली डॉक्टरच्या लक्षात आले. टॉन्सिल काढलेल्या त्याच्या रुग्णांपैकी जे दुखणे मारायला अ‍ॅस्पिरिनचे च्युइंगगम भरपूर चघळत, त्यांना रक्तस्राव जास्त होई. जे रक्त वाहवते ते गुठळीही अडवेल, असा त्याने तर्क केला आणि १९५०च्या सुमारास लहान वैद्यकीय मासिकांतून लिहिलेही. मोठ्यांनी लक्ष दिले नाही. पक्का पुरावा १९८८ साली आला : ‘आयसिस-२’ चाचणीत झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांत अ‍ॅस्पिरिनने मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी केले, आणि गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजच्या जोडीने ४२ टक्क्यांनी. पैशांत मिळणारी गोळी इतके करते, यावर विश्वास बसायला चाळीस वर्षे लागली.

अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटला कायमची निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसते, ती स्वतःची दुरुस्ती करू शकत नाही. आठ-दहा दिवसांनी नवी येते तेव्हाच परिणाम पुरता जातो. म्हणून दिवसाला ७५ मिलीग्रॅम पुरते, आणि म्हणूनच एखाद्या ऑपरेशनआधी गोळी थांबवायची ठरली तर पाच-सात दिवस आधी थांबवतात. थांबवायची की नाही हे मात्र दाताच्या डॉक्टरने किंवा मूळव्याधीवाल्याने एकट्याने ठरवू नये. स्टेंट बसवल्यावर पहिले सहा महिने ते वर्षभर, त्या धातूच्या जाळीवर शरीराचे अस्तर नीट चढेपर्यंत, दोन गोळ्या चालतात : अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर. त्या काळात दोन्ही बंद केल्या आणि जाळीत गुठळी झाली, तर तो झटका पहिल्यापेक्षा वाईट असतो. दात काढायला बहुतेक वेळा एकही गोळी थांबवावी लागत नाही. दाबून धरलेला बोळा आणि एखादा टाका पुरतो.

गुडघेदुखीची गोळी हा या ढिगाचा शत्रू. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, मेडिकलमध्ये ‘दुखण्याची द्या’ म्हटले की पुडीत बांधून मिळणारे काहीही, अ‍ॅस्पिरिनबरोबर पोटात गेले की जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. आयबुप्रोफेन आधी घेतली तर ती अ‍ॅस्पिरिनची जागाच अडवते आणि अ‍ॅस्पिरिन वाया जाते. दुखण्यावर पॅरासिटामॉल बरी. शौचाला डांबरासारखी काळी झाली, आणि लोहाची गोळी चालू नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अ‍ॅसिडिटीची गोळी क्लोपिडोग्रेलबरोबर हवीच असेल तर पॅन्टोप्राझोल मागा. ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलला यकृतात कामाला लागू देत नाही. क्लोपिडोग्रेल गिळल्याबरोबर औषध नसते, यकृत तिचे औषध करते, आणि ते काम करणारे विकर भारतीयांत अनेकांकडे जन्मतःच मंद असते. क्लोपिडोग्रेल चालू असूनही झटका आला आणि डॉक्टरांनी ती बदलून टिकाग्रेलॉर दिली, तर कंपनीचा एजंट येऊन गेला असेल असे लगेच समजू नका.

शेजाऱ्याला चालू आहे म्हणून धडधाकट माणसाने अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये. २०१८ साली जाहीर झालेल्या ‘अ‍ॅस्प्री’ चाचणीत सत्तरी गाठलेल्या निरोगी माणसांना तिचा फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढले. ज्यांना झटका येऊन गेला आहे, स्टेंट आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी हा परिच्छेद वाचून गोळी सोडू नये.

याच ढिगाला रुग्णालयात जोड देणारे टिरोफिबान नावाचे एक इंजेक्शन आहे. ते आले फुरशापासून. जिल्ह्याच्या कोरडवाहू पठारावर, बांधाच्या दगडांत आणि कुसळी गवतात राहणारा, हातभर लांबीचा, अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करणारा हा साप. त्याच्या विषात अनेक घटक असतात. एकीस्टॅटिन नावाचा छोटा रेणू प्लेटलेटच्या नेमक्या त्या कडीला जाऊन बसतो जिथे एक प्लेटलेट दुसरीला धरते. त्या रेणूचा आकार पाहून रसायनशास्त्रज्ञांनी टिरोफिबान घडवले. अमेरिकेत त्याला १९९८मध्ये मान्यता मिळाली, आणि आज अँजिओप्लास्टी करताना रक्तवाहिनीत ताजी गुठळी दिसली की ते वापरतात. विषातला दुसरा घटक, एकॅरिन, रक्तातली गोठणारी प्रथिने भराभर वापरून संपवतो. प्रयोगशाळेत याच एकॅरिनने डॅबिगॅट्रान रक्तात किती आहे हे मोजता येते.

पण शेतात चावलेले फुरसे औषध देत नाही, हेही सांगायला हवे. प्राथमिक आरोग्य केंद्रात करतात ती चाचणी अशी : स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलीलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग नळी तिरपी करायची. रक्त घट्ट बसले नसेल आणि वाहिले तर विष चढले, सर्पदंशावरची लस लावायची. तुम्ही वॉरफेरिन-अ‍ॅसिट्रॉम घेत असाल तर त्या नळीतला निकाल फसवा येऊ शकतो. साप चावल्याच्या घाबरगुंडीत कोणी गोळ्यांची पिशवी आणत नाही. म्हणून औषधांच्या नावांचा कागद पाकिटात, आधार कार्डाशेजारी ठेवा.

आता गुठळी झालीच तर. छातीत मधोमध दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम. हे ‘गॅस’ म्हणून सोडा-लिंबू घेत बसण्याचे दुखणे नव्हे. १०८ला फोन करा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ३०० मिलीग्रॅमच्या आसपास, म्हणजे ७५च्या चार गोळ्या, चावून खायला द्या. गिळल्या तर त्यांच्यावरचे कवच विरघळण्यात वेळ जातो. जिभेखालची सॉर्बिट्रेट ज्याच्या त्याच्या तोंडात घालू नका. बीपी आधीच खाली असेल तर माणूस कोसळतो. रुग्णाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका.

कुठे न्यायचे, हे आधी ठरलेले असावे. अँजिओप्लास्टीची सोय नगर शहरात, लोणीत, शिर्डीत आहे. जामखेडहून नगर पाऊणशे किलोमीटर. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या वाडीवरून त्याहून लांब. दोन तासांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी घ्यायचे आणि मग पुढे जायचे. ‘इथे थांबू नका, थेट मोठ्या दवाखान्यात चला’ हा नातेवाइकांचा आग्रह अशा वेळी हृदयाचा मोठा तुकडा मारतो. पहिल्या तीन तासांत दिलेल्या या इंजेक्शनाची बरोबरी बारा तासांनी केलेला महागडा उपचार करू शकत नाही.

या इंजेक्शनातही जन्मकथा कामाला येते. स्ट्रेप्टोकायनेज जिवाणूपासून मिळते. १९३३मध्ये विल्यम टिलेट यांनी तो गुण दाखवला. जिवाणूचे असल्याने शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि एकदा मिळालेल्या माणसाला ते पुन्हा देत नाहीत. म्हणून डिस्चार्ज कार्ड जपा; ‘मागच्या वेळी कोणते इंजेक्शन दिले होते’ याचे उत्तर तिथेच असते. टेनेक्टेप्लेज हे मानवी प्रथिनाचे सुधारलेले रूप आहे. त्याला ही अडचण नाही, शिवाय तासभर सलाइनमधून सोडावे लागत नाही, वजनानुसार एकाच वेळी काही सेकंदांत शिरेत देता येते. फिरत्या रुग्णवाहिकेसाठी आणि लांबच्या तालुक्यांसाठी हा फरक मोठा आहे. ते बनवणारी कंपनी आपल्या शेजारीच आहे : पुण्याची जेनोव्हा. तिचे टेनेक्टेप्लेज भारतात हृदयविकारासाठी आणि मग पक्षाघातासाठीही वापरात आले; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पक्षाघातासाठी टेनेक्टेप्लेजला मान्यता दिली ती २०२५च्या मार्चमध्ये, त्यानंतर बऱ्याच काळाने.

पक्षाघातात मात्र घरी अ‍ॅस्पिरिन अजिबात देऊ नका. तोंड वाकडे झाले, हात उचलत नाही, बोलणे अडखळते, हे गुठळीने होते तसे मेंदूत रक्तवाहिनी फुटूनही होते, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. सीटी स्कॅन झाल्याशिवाय काही नाही. स्कॅनची सोय जिथे आहे तिथे साडेचार तासांच्या आत पोचायचे, आणि रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ घड्याळातली सांगायची. ‘जेवणानंतर’ हे उत्तर डॉक्टरांच्या उपयोगाचे नाही. तेल चोळणे, लकव्याच्या गावी नेणे यात ते साडेचार तास संपतात.

तिसऱ्या ढिगाबद्दल थोडक्यात. स्टॅटिन अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाला हजारो बुरशी तपासताना १९७३च्या सुमारास एका बुरशीत सापडले. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट चांगला आला म्हणून ते बंद करायचे नसते. रिपोर्ट चांगला आला तो त्यामुळेच. भिंतीतली चरबी फुटून तिच्यावर गुठळी बसते तो झटका, आणि स्टॅटिन ती भिंत घट्ट ठेवते.

पायांच्या रक्तवाहिन्यांकडे आपले लक्ष नसते. चालताना ठरावीक अंतरावर पोटरीत पेटका येतो, थांबले की जातो, पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा येतो : हे संधिवाताचे नव्हे, रक्तवाहिनी अरुंद झाल्याचे लक्षण आहे. त्यासाठी अ‍ॅस्पिरिनबरोबर रिव्हारोक्सॅबानचा अगदी छोटा डोस, २.५ मिलीग्रॅम दोनदा, काही रुग्णांत उपयोगी पडतो, हे २०१७च्या ‘कॉम्पास’ चाचणीने दाखवले. पण नगर आणि संगमनेर ही विडीची जुनी गावे. तरुण विडी ओढणाऱ्यांची बोटे काळी पडून कापावी लागतात त्या बर्गर आजारावर यांतले एकही औषध चालत नाही, तंबाखू पूर्ण सुटेपर्यंत. कमी केली म्हणून भागत नाही. मिश्रीही त्यातच मोडते.

आणि बीपी. गुठळीची औषधे घेणाऱ्याच्या मेंदूत रक्तस्राव होण्याचे मोठे कारण म्हणजे न आवरलेले बीपी. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पाने शाळेत फारशा न गेलेल्या बायका आरोग्याचे काम नीट शिकतात हे जगाला दाखवले. १९७९मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा बीपी मोजायलाही शहर गाठावे लागत नाही, उपकेंद्रात जा, महिन्यातून एकदा जा, आकडा फाइलमध्ये लिहा.

पाथर्डीहून, जामखेडहून ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी वेगळे सांगायला हवे. कोयत्याची उचल घेतली की पाच-सहा महिने फडावर. स्टेंट असलेल्या माणसाची गोळी डिसेंबरात संपते, आणि फड कर्नाटकात असेल तर जवळच्या मेडिकलमध्ये मराठी चिठ्ठी चालेल याची खात्री नाही. निघण्याआधी पूर्ण हंगामाच्या गोळ्या घ्या, जनऔषधी केंद्रात त्या बऱ्याच स्वस्त पडतात. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आयएनआरवाल्याने कारखान्याजवळची प्रयोगशाळा आधी शोधावी. ती नसेल तर त्याने फडावर जाऊ नये, हे मी स्पष्ट म्हणेन, आणि मुकादमालाही ते स्पष्टच सांगावे. एक कंपनी सोडून दुसरी जेनेरिक घेणे इतर गोळ्यांत चालते. वॉरफेरिन-अ‍ॅसिट्रॉममध्ये शक्यतो बदलू नका, बदलली तर आठवडाभरात आयएनआर करा. अँजिओप्लास्टीचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. शिवाय २०१७पासून स्टेंटच्या किमतीला सरकारी मर्यादा आहे, तेव्हा बिलावर स्टेंटची किंमत वेगळी लिहून मागा.

शेवटी, नव्या औषधांच्या चाचण्यांबद्दल, कारण मोठ्या रुग्णालयात कोणीतरी तुम्हालाही विचारील. गुठळी अडवावी पण रक्तस्राव होऊ नये, असे औषध अजून शोधले जात आहे. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी अकरावे जन्मतःच कमी असलेल्या माणसांना गुठळ्या कमी होतात आणि आपोआप रक्तस्राव फारसा होत नाही, या निरीक्षणावर आता काम चालू आहे. हे प्रथिन अडवणाऱ्या असुंडेक्सियान या औषधाची हृदयाच्या अनियमित धडधडीतली मोठी चाचणी २०२३च्या नोव्हेंबरमध्ये थांबवावी लागली. एपिक्सॅबानइतके ते टिकले नाही. म्हणजे चाचणीत जाणे हा लॉटरीचा फायदा नाही आणि गिनीपिग होणेही नाही. वॉरफेरिन की नवी गोळी, या प्रश्नाचे उत्तर आपल्यासारख्याच झडपेच्या रुग्णांनी चाचणीत जाऊन दिले.

विचारले तर ‘सीटीआरआय’ क्रमांक मागा. भारतातली प्रत्येक चाचणी त्या सरकारी नोंदवहीत असावी लागते, आणि तो क्रमांक मोबाइलवर टाकून घरचे कोणीही तपासू शकते. संमतिपत्र मराठीत मागा, घरी न्या, रात्रभर ठेवा. सही तिथल्या तिथे करा असा आग्रह झाला तर नकार द्या. तुमची चालू गोळी बंद करणार की तिच्याबरोबर नवी देणार, हे नेमके विचारा. २०१९च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई देणे बंधनकारक आहे, आणि कधीही बाहेर पडता येते, त्याने तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. रुग्णालयाच्या नैतिकता समितीचा फोन क्रमांक त्या कागदावर छापलेला असतो. शंका असेल तर डॉक्टरांना न सांगताही तिथे फोन करता येतो.